तिनं वाचून दाखवलेल्या बातम्या

गेली नऊ वर्षं मी वर्तमानपत्र वाचलेलं नाही. म्हणजे जगात काय चाललंय ते मला ठाऊक नसतं असं मुळीच नाही, उलट ऑफिसातल्या पुष्कळ लोकांपेक्षा जास्त ठाऊक असतं. पण ते सगळं मी ऐकलेलं आहे. सकाळी साडेसातला गुडगावहून निघून मानेसरला पोचेपर्यंत, माझ्याच गाडीत, शेजारच्या सीटवर बसलेल्या एका बाईच्या आवाजात.

या बाईला मैत्रीण म्हणायचं की नाही याचा निकाल माझ्यापुरता लागलेला आहे, तरी इथे सोयीसाठी मैत्रीण म्हणते. आम्ही दोघी पुण्याच्या. सोहना रोडवरच्या एकाच सोसायटीत समोरासमोरच्या टॉवरमध्ये राहतो. मी आधी आले, एकटी. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल मला काही सांगायचंही नाही. ती नंतर आली, नवरा आणि छोटी मुलगी घेऊन. आमच्या कंपनीत गाड्यांच्या दरवाजांची कुलपं तयार होतात. बाहेरून येणारा माल तपासायच्या विभागात मी काम करते. तिचा अर्ज मीच साहेबांच्या टेबलावर ठेवला होता आणि बाई हुशार आहे असं वर सांगितलंही होतं. ती हुशार आहेच, त्यात माझी काही चूक झाली नव्हती.

तिला गाडी चालवता येत नाही. आल्या आल्या शिकायला गेली होती. पहिल्याच दिवशी मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला आणि हिनं स्टिअरिंग सोडून दोन्ही कान झाकले. शिकवणाऱ्यानं हात जोडले. तेव्हापासून मी चालवते आणि ती वाचते. आधी मथळे, मग पुण्याच्या बातम्या, मग क्रिकेट, मग मराठी मालिकांमध्ये काल कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली ते. मालिका मी बघत नाही. पण त्यात काय चाललंय हे मला कळायला हवं असतं, आणि असं असणारी मी एकटीच नसेन. शेवटी ऑफिसचे मेल, आधी तिचे, मग माझे. माझे मेल ती माझ्याच फोनवर वाचायची. फोनचा पासवर्ड तिला माझ्याइतकाच पाठ होता.

ती सुरेख वाचते. मंत्र्याचं भाषण वाचताना आवाज जाड करते, खेळाडूची मुलाखत आली की हिंदीतली मुलाखतसुद्धा जागच्या जागी मराठीत करून सांगते. ‘हे बघ, परत पूल वाहून गेला यांचा,’ असं मध्येच म्हणते. मला वाटायचं, बातमी अशीच कळावी. कागदावरची बातमी वाचून माणूस एकटाच चडफडत बसतो. इथे चडफडायला दोघी होतो, आणि टोलनाक्याच्या रांगेत वेळच वेळ होता.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात माझे बाबा मोरीत पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, मी एकुलती एक. महिनाभर रजा काढून राहिले, दिवसभर सोबतीला एक मावशी ठेवल्या आणि परत आले. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती वाचत होती की कुठल्याशा शहरात एक एकटे आजोबा बंद घरात... मी तिला म्हणाले, ‘बास. म्हाताऱ्या माणसांचं असलं काही मला वाचून दाखवू नकोस.’ त्यानंतर ती गाळायला लागली. वाचता वाचता अर्धा क्षण थांबायची आणि पुढच्या बातमीवर उडी मारायची. काहीतरी गाळलंय हे मला कळायचं आणि मनात तिचे आभार मानत मी गिअर बदलायचे.

त्याच सुमाराला आमच्यात एक गोष्ट ठरली होती. आमच्या कंपनीचा दुसरा कारखाना चाकणला आहे. आमच्या कामाची तिथे एकच जागा, आणि ती धरून बसलेले गृहस्थ निवृत्तीला आले होते. मला परत जायचं होतं. बाबांचं वय एक्याऐंशी, चालताना काठी, आणि माणूस इतका मानी की ‘ये’ असं तोंडानं कधी म्हणायचा नाही. रोज संध्याकाळी सातला फोन करून मला स्कोअर सांगायचे, आणि मग अगदी सहज, ‘तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला,’ किंवा ‘तुझ्या खोलीच्या खिडकीला जाळी बसवली, डास फार,’ असं म्हणून फोन ठेवायचे. मी रिकाम्या खोलीतल्या डासांची चेष्टा करायचे. पण ते काय विचारताहेत हे मला कळत होतं. ‘जागा निघाली की येतेच,’ हे माझं ठरलेलं उत्तर होतं. आणि ही माझी मैत्रीण मला गाडीत आपणहून म्हणाली होती, ‘चाकणची जागा निघाली की तू जा. मी अर्जसुद्धा करणार नाही. तुझे बाबा आहेत तिकडे.’ मी तेव्हा रडले होते. भर हायवेवर, ऐंशीच्या वेगानं.

यंदाच्या थंडीत, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ती चार दिवस पुण्याला गेली, आतेभावाच्या मुलाची मुंज म्हणून. आमची पद्धत अशी की जी पुण्याला जाईल तिनं दुसरीच्या घरी पिशवी पोचवायची. मी बाबांसाठी इकडची तिळगुळाची गजक आणि एक लोकरी बंडी दिली. परत आल्यावर म्हणाली, ‘काका मजेत आहेत. चहा पाजूनच सोडलं मला.’ मला फार बरं वाटलं.

मार्चमध्ये एका दुपारी कँटीनमध्ये एचआरमधली मुलगी माझ्यासमोर ताट घेऊन बसली. गोड मुलगी आहे, रोहतकची. डाळीत लिंबू पिळत म्हणाली, ‘मॅम, एक बात पूछूँ? आपने अप्लाय क्यों नहीं किया? हम तो मानकर चल रहे थे कि चाकण आप ही जाएँगी.’

मी म्हणाले, ‘चाकण? कौन जा रहा है?’

तिनं माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा घास हातातच राहिला. ‘उन्होंने आपको बताया नहीं?’

आणि मी काय केलं असेल? हसले. ‘अरे हाँ, बताया था. मैं ही भूल गई,’ असं म्हणाले. बाहेरच्या माणसासमोर तिची बाजू सावरून घेतली. पुढे कित्येक दिवस मला तिच्या वागण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याची जास्त चीड येत होती.

जागेवर येऊन मी मेलमध्ये ‘चाकण’ असं शोधलं. मेल होता. जानेवारीतला, एका सोमवारी संध्याकाळी साडेसहाला सुटलेला, सगळ्यांना पाठवलेला. दहा दिवसांत अर्ज करा, म्हणून. आणि तो उघडलेला होता. मला रोज शंभर मेल येतात. जे ठळक अक्षरात दिसतात तेवढेच मी ऑफिसात बघते, बाकीचे गाडीत ऐकून झालेले असतात. ही आमची कामाची पद्धत. नऊ वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता तिनं. आमच्या विभागात असल्या जागांबद्दल कुणी मोठ्यानं बोलतही नाही, उगाच आणखी चार जण अर्ज करतील म्हणून. सोमवारी संध्याकाळचा मेल म्हणजे तो मंगळवारी सकाळी गाडीत उघडला गेला. माझ्या फोनवर. माझ्यापासून हातभर अंतरावर.

तो मंगळवार मला लख्ख आठवला, आणि हेच सगळ्यात वाईट झालं. त्या दिवशी दाट धुकं होतं. पुढच्या ट्रकचे दिवेसुद्धा दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नव्हते. सगळ्या गाड्या धोक्याचे दिवे लावून रांगत चालल्या होत्या आणि मी स्टिअरिंगला चिकटून, डोळे फाडून समोर बघत होते. आदल्या दिवशी आपल्या मुलींचा सामना होता आणि मी शेवटची षटकं न बघताच झोपले होते. तिनं मला ती दोन षटकं चेंडू चेंडू करून वाचून दाखवली. कोण कुठे उभी होती, कुणी झेल सोडला, गोलंदाज मुलगी धावत यायच्या आधी कशी थांबली. शेवटच्या चेंडूला तर वाचायचं थांबून म्हणाली, ‘सांगू? नको, आधी तू ओळख.’ मी धुक्यात ओरडले, ‘सांग गं लवकर!’ आणि आपण जिंकलो तेव्हा दोघी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. नऊ वर्षांतलं तिचं ते सगळ्यात उत्तम वाचन होतं. ऑफिसला पोचायला दोन तास लागले आणि मेल वाचून दाखवायला वेळच उरला नाही असं ती म्हणाली. ‘तुझे मी चाळले, काही विशेष नव्हतं,’ असंही म्हणाली.

त्या संध्याकाळी डोकं दुखतंय असं सांगून मी लवकर एकटीच घरी आले. बाबांशी नेहमीसारखी बोलले, पण चाकणचा विषय काढला नाही. आधी तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मनात कुठेतरी अजून एक वेडी आशा होती की हिला काहीतरी सांगता येईल, आणि ते मला पटेल.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे बसली, पट्टा लावला, माझा फोन घेतला. मथळे सुरू करणार तेवढ्यात मी म्हणाले, ‘आज आधी मेल.’

‘थांब ना, मथळे तरी होऊ देत.’

‘नको. चाकण म्हणून शोध आणि मोठ्यानं वाच.’

तिनं फोनचा पडदा बंद केला. पुढे टोलनाका आला, गाड्या थांबल्या. मग म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं?’

हा तिचा पहिला प्रश्न. चूक झाली नाही, माफ कर नाही, तुला कुणी सांगितलं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी विचारलं, ‘तू कधी सांगणार होतीस?’

‘होळी झाली की सांगणारच होते.’

‘होळीचा काय संबंध?’

‘नाही, म्हणजे... निवांत बसून.’ मग ती एकदम भडाभडा बोलायला लागली. मुलीची छाती दर नोव्हेंबरात इथल्या धुरकट हवेनं भरते, नेब्युलायझर लावून रात्री काढाव्या लागतात. नवऱ्याला पुण्यात नोकरी चालून आली आहे, दोघांपैकी एकानंच जायचं म्हणजे घर मोडायचं. मुलीला मराठी येईनासं झालंय, आजीनं ‘परात आण’ म्हटलं तर चेहऱ्याकडे बघत उभी राहते. हे सगळं खरं होतं. त्या पोरीला खोकताना मी पाहिलं आहे, एकदा अर्ध्या रस्त्यातून परत फिरून तिला दवाखान्यात मीच नेलं होतं.

‘मग हे मला सांगायचंस,’ मी म्हणाले. ‘दोघींनी अर्ज केला असता. तुला मिळाली असती तर मी सोसायटीत पेढे वाटले असते.’

‘तू अर्ज केला असतास तर मला मिळाली नसती,’ ती म्हणाली.

इतकं खरं ती त्या दिवशी दुसरं काहीच बोलली नाही. मी गिअर टाकून गाडी पुढे घेतली. बिचारीला वाटलं मी निवळले, म्हणून तिनं माझ्या हातावर हात ठेवला. ‘तुझं बरं आहे यार. तू मोकळी आहेस. तुला आज ना उद्या जाता येईल. तुझ्यामागे आहे कोण?’

‘माझे बाबा आहेत.’

‘हो गं, पण ते ऑलरेडी पुण्यातच आहेत ना.’

एखादं वाक्य ऐकून हसावं की गाडीतून ढकलून द्यावं ते कळत नाही, तसं झालं मला. पण हायवेवर बाईमाणसाला उतरवून द्यायची सोय नाही. मागे ट्रक, पुढे ट्रक. केसानं गळा कापणारीला शेजारी बसवून मला आणखी पंचवीस मिनिटं इंडिकेटर देत, लेन सांभाळत चालवायला लागलं. मानेसरच्या वळणावर ती हळू आवाजात म्हणाली, ‘आणि मी खोटं काही बोलले नाही हं. फक्त वाचलं नाही. तुला त्रास होईल असं वाचू नकोस, हे तूच सांगितलं होतंस.’

मी गाडी लावली, फोन तिच्या हातातून घेतला. मी तिला एवढंच म्हणाले की संध्याकाळी तू कंपनीच्या बसनं जा. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. दिवसभर मी कुलपांचे सुटे भाग तपासले आणि दोन पेट्या उगाचच नापास केल्या.

संध्याकाळी सातच्या आत मीच बाबांना फोन लावला. मला कुणाजवळ तरी रडायचं होतं. त्यांच्याकडे टीव्हीवर सामना चालू होता. तो बारीक करून ते म्हणाले, ‘आज तू आधी? बोल.’

मी म्हणाले, ‘बाबा, चाकणची जागा गेली.’

‘हो, माहीत आहे मला,’ ते म्हणाले. ‘तुझी मैत्रीण गजक घेऊन आली होती ना, तेव्हाच सांगितलं तिनं. तू नको म्हणालीस ते.’

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ‘काय सांगितलं?’

‘हेच, की साहेबांनी तुलाच आधी विचारलं होतं, पण तुझं तिकडे चांगलं बस्तान बसलंय, बढतीचंही चाललंय. म्हणून तू नाही म्हणालीस, मग तिला विचारलं. बरोबरच आहे. मी मावशींना रात्रीचंही थांबायला सांगितलंय आता. तुझ्या खोलीत झोपतात त्या. चांगल्या आहेत गं, पहाटे उठून मला पाणी गरम करून देतात.’

गेला महिनाभर त्यांनी पंख्याचा, जाळीचा, खोलीचा विषयच काढला नव्हता. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं असं नाही. थंडीनं म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कमी होतं, असं मी स्वतःशी म्हणाले होते. महिनाभर या माणसानं रोज सातला मला स्कोअर सांगितला होता, माझ्या पोरीला यायचं नाहीये हे मनात ठेवून. एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मी बोलायला लागले. मेल, फोन, धुकं, तिचं वाचणं, एचआरची मुलगी, सगळं सांगितलं. मध्ये मध्ये रडत होते, त्यामुळे पुढचं मागे आणि मागचं पुढे होत होतं. सांगता सांगता मला माझंच ऐकू येत होतं, आणि ते पटण्यासारखं वाटत नव्हतं. नोकरीत मुरलेल्या, शेहेचाळीस वर्षांच्या बाईनं आपला मेल स्वतः वाचला नाही? तिला दोन महिने पत्ता लागला नाही? कुणाला खरं वाटेल हे? मी म्हणाले, ‘बाबा, थांबा, मी तुम्हाला तो मेल पाठवते. तारीख बघा त्याच्यावरची.’

‘नको गं,’ ते म्हणाले. ‘मला काय करायचाय मेल?’

‘मला कुणी विचारलंच नव्हतं, बाबा. मी आले असते. उद्या म्हणाला असतात तर उद्या आले असते.’

‘अगं, किती मनाला लावून घेतेस? मी काही मनात धरलेलं नाही. काम सोडून म्हाताऱ्याच्या उशाशी येऊन बस, असं मी कधी म्हटलंय का तुला? आणि त्या बिचारीला कशाला मध्ये ओढतेस? ती उलट हळहळत होती तुझ्यासाठी. म्हणाली, काका, तिला याबद्दल काही बोलू नका, तिला आधीच फार वाईट वाटतंय.’

त्यांनी तिला शब्द दिला होता आणि महिनाभर पाळला होता. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले. बाबांनी या खेपेलाही मध्ये तोंड घातलं नाही, माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मोठ्या मनानं मला माफ केलं.